खुले पत्र: ९४ चा नियम सगळ्या फुफ्फुसांना लागू होत नाही

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य
तसेच सर्व जिल्हा शल्यचिकित्सक आणि वैद्यकीय अधीक्षक

विषय: फुफ्फुसाच्या फायब्रोसिसच्या रुग्णांसाठी कोविड व तत्सम साथींचे स्वतंत्र उपचारनियम आणि मूळ नोंदीचे कार्ड

महोदय,

१ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधी असलेल्या नागरिकांना कोविडची लस मिळू लागली. केंद्राच्या यादीत २० आजार होते. श्वसनविकारासाठी अट अशी होती की रुग्ण मागच्या दोन वर्षांत त्या आजारासाठी रुग्णालयात दाखल झालेला असावा, किंवा त्याचे एफईव्ही-१ अपेक्षित प्रमाणाच्या ५० टक्क्यांखाली असावे. एफईव्ही-१ म्हणजे जोराने फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा. दमा आणि सीओपीडीत (श्वासनलिकांच्या जुनाट आजारात) श्वासनलिका अरुंद होतात, म्हणून हा आकडा पडतो. फायब्रोसिसमध्ये नलिका मोकळ्या असतात. तिथे हवेच्या बारीक पिशव्यांमधल्या (वायुकोशांमधल्या) पातळ पडद्यांवर व्रण धरतात, फुफ्फुस ताठर होते, मावणारी हवा (एफव्हीसी) कमी होते आणि रक्तात ऑक्सिजन उतरण्याची क्षमता (डीएलसीओ) बहुतेकदा त्याच्याही आधी घसरते. डीएलसीओ ३५ टक्के असलेला, एक जिना चढल्यावर ज्याचे सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के) ८४ वर येते असा माणूस एफईव्ही-१ ७० टक्के भरले म्हणून त्या यादीबाहेर राहू शकत होता.

ही यादी केंद्राची होती आणि ती आता इतिहासजमा झाली. पण तिच्यातली चूक एकटी नव्हती. ‘घरी सॅच्युरेशन ९४ च्या खाली गेले की रुग्णालय’, सहा मिनिटे चालण्याची चाचणी, सीटीचा २५ पैकी स्कोअर, ‘ऑक्सिजन लागला तर स्टिरॉइड’ या कोविडकाळातल्या सगळ्या मोजपट्ट्या आधी निरोगी असलेले फुफ्फुस गृहीत धरून केलेल्या होत्या. फायब्रोसिसच्या रुग्णाला त्या लावल्या की कधी तो विनाकारण आयसीयूत जातो, तर कधी खरोखर बिघडत असताना घरी पाठवला जातो. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र आहेच, आणि दर पावसाळ्यात स्वाइन फ्लूसुद्धा याच रुग्णांना गाठतो. म्हणून साथ नसताना, शांतपणे हे नियम दुरुस्त करावेत, अशी आमची मागणी आहे.

आधी या दोन आजारांचे एकमेकांशी नाते. वायुकोशांच्या आतल्या बाजूला टाइप-२ नावाच्या पेशी असतात. वायुकोश मिटू न देणारा द्रव त्या तयार करतात आणि इजा झाली तर नवे अस्तरही त्याच घालतात. इडिओपॅथिक पल्मोनरी फायब्रोसिसमध्ये (आयपीएफ), म्हणजे कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसमध्ये, याच पेशी आधीच थकलेल्या असतात. अनेक रुग्णांत त्यांचे टेलोमिअर (गुणसूत्रांची टोके) वयाच्या मानाने आखूड झालेले आढळतात. कोरोनाविषाणू पेशीत शिरायला जे एसीई-२ हे प्रथिन वापरतो ते याच पेशींवर असते. दुरुस्ती करणाऱ्यांवरच घाव बसतो, टीजीएफ-बीटासारखी व्रण वाढवणारी द्रव्ये सक्रिय होतात आणि कोलॅजन (व्रणाचे तंतू) साचू लागते. गंभीर कोविडमध्ये वायुकोशांची जी नासाडी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, तीच आयपीएफच्या ‘तीव्र उद्रेकात’ दिसते: महिन्याभरात वाढलेली धाप आणि सीटीत दोन्हीकडे नवे धूसर भाग. असा उद्रेक झालेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्मे रुग्णालयातच दगावतात, हे कोविडच्या आधीपासून माहीत होते.

एक गोष्ट मात्र उलटी निघाली. एमयूसी-५-बी या जनुकातला जो बदल आयपीएफचा धोका वाढवतो, तोच गंभीर कोविडपासून काहीसे संरक्षण देत असल्याचे जनुकीय अभ्यासांत दिसले. त्यामुळे ‘कोविडनंतरचा फायब्रोसिस म्हणजे आयपीएफच’ असे समजून एकाचे औषध सरसकट दुसऱ्याला देणे चूक आहे.

धोका किती, याचे एक मोजमाप युरोपातून आले. २०२० मध्ये कोविडने दाखल झालेल्या आयएलडीच्या, म्हणजे फायब्रोसिसच्या गटातल्या आजारांच्या, १६१ रुग्णांची तुलना त्याच वयाच्या व तशाच सहव्याधींच्या इतर कोविड रुग्णांशी केली गेली. आयएलडीच्या गटात ४९ टक्के मृत्यू झाले, दुसऱ्या गटात ३५ टक्के. एफव्हीसी ८० टक्क्यांखाली असलेल्यांना आणि लठ्ठ रुग्णांना धोका अधिक होता.

आता ऑक्सिमीटर. फायब्रोसिसच्या रुग्णाचे बसल्या जागी सॅच्युरेशन ९१ असेल आणि वर्षभर तेवढेच राहिले असेल, तर ९१ ही त्याची रोजची स्थिती आहे. ज्याचे नेहमी ९७ असते त्याचे ९३ झाले, तर ती घसरण आहे. दोघांना ९४ ची एकच रेघ लावून काहीच कळत नाही. घरी २ लिटर ऑक्सिजनवर असणाऱ्याचे ९५ भरले आणि केसपेपरवर नुसते ‘९५’ लिहिले, तर ती नोंद अर्धवट आहे. किती लिटरवर, हे शेजारी लिहिलेच पाहिजे. आमची शिफारस अशी: पाच मिनिटे शांत बसून, पंधरा मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा ३ किंवा अधिक अंकांनी घट असेल, किंवा तोच आकडा टिकवायला नेहमीपेक्षा १ लिटर जरी जास्त लागत असेल, तर छातीरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात पाठवावे. त्यासाठी ९४, ९० अशा कुठल्याही रेघेची वाट पाहू नये.

सहा मिनिटे घरात चालून सॅच्युरेशन ३ ने उतरले तर रुग्णालय गाठा, हा सल्ला २०२०-२१ मध्ये घरोघरी पोहोचला आणि इतरांसाठी तो उपयोगी होता. फायब्रोसिसमध्ये चालल्यावर सॅच्युरेशन उतरणे हेच मूळ लक्षण आहे. यातले कित्येक रुग्ण ठणठणीत दिवशीही या चाचणीत ८ ते १० अंक खाली येतात. तापात, घरी एकट्याने ही चाचणी करायला लावणे धोक्याचे आहे. करायचीच तर सोबत माणूस हवा, आणि ८५ दिसताच थांबवावी.

उपकरणाच्या मर्यादाही कर्मचाऱ्यांना सांगाव्यात. स्क्लेरोडर्माच्या (कातडी घट्ट होत जाणाऱ्या आजाराच्या) रुग्णांची बोटे थंडीत पांढरी-निळी पडतात आणि त्यांच्यात आयएलडी वारंवार आढळतो. अशा बोटावर आकडा खोटा खाली येतो किंवा येतच नाही. हात कोमट करावा, नाहीतर कानाच्या पाळीचा किंवा कपाळाचा प्रोब वापरावा. नेलपॉलिश पुसावे. पडद्यावरची नाडी मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल तर सॅच्युरेशनही धरू नये. सावळ्या कातडीवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. रुग्ण धापा टाकतोय आणि यंत्र ९३ म्हणतेय, तर रुग्णाकडे पाहावे. सीओपीडीसाठीची ८८ ते ९२ ची मर्यादा फायब्रोसिसला सवयीने लावली जाते, तेही थांबावे. इथे ९२ च्या वर ठेवण्याचा प्रयत्न असावा. आजार फार पुढे गेला असेल तर कार्बन डायऑक्साइड साठतो का, ते रक्तवायू तपासणीने पाहावे.

ऑक्सिजनचे गणित तालुक्याच्या ठिकाणी चुकते, कारण ते न्यूमोनियाच्या रुग्णावरून मांडलेले असते. ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर बसून राहणाऱ्याला पुरतो. शौचाला उठल्यावर ६ ते ८ लिटर लागणाऱ्याला पुरत नाही. नेमक्या त्या दोन मिनिटांत रुग्ण कोसळतो, म्हणून पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणि उठण्याआधी वाढवलेला प्रवाह या दोन गोष्टी औषधाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर वायू असतो: ५ लिटर प्रवाहाला पाच तास. जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर: त्याच प्रवाहाला तेवीस तास. पण हाय-फ्लो नेझल (नाकातून मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन देणारे) यंत्र ६० लिटर आणि शंभर टक्क्यांवर चालवले तर तोच जम्बो दोन तासांच्या आत रिकामा होतो. फायब्रोसिसच्या रुग्णाला हाय-फ्लो अनेक दिवस लागू शकते. पाइपलाइन नसलेल्या ठिकाणी ते सुरू करण्याआधी पुढच्या रुग्णालयाशी बोलणे झालेले असावे. घरच्या यंत्राचा स्पंज फिल्टर आठवड्यातून एकदा धुवावा, ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीतले पाणी उकळून गार केलेले आणि रोज बदललेले असावे. बाटलीचे झाकण तिरके बसले की ऑक्सिजन तिथूनच निसटतो. नळीचे टोक पाण्यात धरून बुडबुडे येतात का, ते पाहिले की लगेच कळते.

सीटी स्कॅनबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे झाले. पाच खंडांना प्रत्येकी ० ते ५ गुण देऊन २५ पैकी स्कोअर काढायचा, ही पद्धत किती भाग व्यापला आहे एवढेच मोजते. जुने व्रणही त्यात गुण मिळवतात. दोन्ही बाजूंना तळाशी जुना फायब्रोसिस असलेल्याचा स्कोअर कोविड नसतानाही १० किंवा १२ येऊ शकतो, आणि कोविड झाल्यावर आलेल्या १६ मधले नवे किती, हे त्यावरून सांगता येत नाही. जुन्या आजाराच्या खुणा वेगळ्या आहेत: फुफ्फुसाच्या कडेला आणि तळाशी जाळी, व्रणांनी ओढून रुंद केलेल्या श्वासनलिका, हनीकोंबिंग (मधाच्या पोळ्यासारखी पोकळ्यांची रचना). हनीकोंबिंग दोन-तीन आठवड्यांत तयार होत नाही. बोटांची टोके फुगून नखे गोलाकार होणे यालाही महिने लागतात. आजारपणाच्या विसाव्या दिवशी यांपैकी काही दिसले तर आजार कोविडच्या आधीचा आहे असे धरून चालावे. अशा वेळी जुनी सीडी शोधायला सांगावे. छातीचा जुना सीटी नसेल तर पोटाचा शोधावा. मुतखड्यासाठी काढलेल्या सीटीत वरच्या काही छेदांत फुफ्फुसाचा तळ आलेला असतो, आणि फायब्रोसिस बहुतेकदा तिथेच सुरू होतो.

म्हणून आयएलडीचा संशय असेल तेव्हा अहवालात स्कोअर लिहू नये. ‘जुने काय, नवे काय, कशाशी तुलना केली’ हे तीन मुद्दे लिहावेत. छेद दीड मिलिमीटर किंवा त्याहून पातळ आणि श्वास पूर्ण भरून घेतलेले असावेत. प्रकृती झेपत असेल तर पालथे झोपवून आणि श्वास सोडूनही छेद घ्यावेत. उताणे झोपल्याने तळाशी येणारी धूसरता पालथे केल्यावर निघून जाते. खरा आजार तसाच राहतो. श्वास सोडलेल्या छेदांत हवा अडकलेली दिसली तर हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचा (श्वासातून गेलेल्या बुरशी, पक्ष्यांची विष्ठा अशा गोष्टींच्या अ‍ॅलर्जीने होणाऱ्या आजाराचा) विचार करावा. आपल्या देशात हे विसरून चालणार नाही: २०१२ ते २०१५ दरम्यान १९ शहरांतल्या २७ केंद्रांत नोंदलेल्या १,०८४ आयएलडी रुग्णांत हाच आजार सर्वाधिक, ४७ टक्क्यांना होता, आणि या आजाराच्या रुग्णांपैकी ४८ टक्क्यांचा एअर कूलरशी संपर्क होता. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात कूलर घरोघरी असतो, मुंबईत खिडकीवर कबुतरे असतात. ‘पोस्ट-कोविड फायब्रोसिस’ असे लिहून फाइल बंद केली की बुरशी धरलेला कूलर आणि कबुतरांची विष्ठा तशीच राहते, आणि आजार वाढत जातो. सांधे सकाळी आखडतात का, दगडखाणीत किंवा क्रशरवर काम केले आहे का, हे दोन प्रश्नही प्रत्येकाला विचारले जावेत.

औषधांत काय चुकते ते पाहू. पिरफेनिडोन किंवा निंटेडॅनिब ही फायब्रोसिसचा वेग कमी करणारी औषधे चालू असलेल्या रुग्णाला कोविड झाला तर ती सहसा चालू ठेवावीत. जेवण जात नसेल, जुलाब थांबत नसतील किंवा यकृताची एन्झाइम्स सामान्य मर्यादेच्या तिपटीहून वर गेली तर थांबवावीत. निंटेडॅनिबने मुळातच जुलाब होतात, त्यात विषाणूचे जुलाब मिळाले की दोन दिवसांत मूत्रपिंडावर ताण येतो. रक्त पातळ करण्याची इंजेक्शने पूर्ण मात्रेत सुरू केली तर रक्तस्रावाच्या भीतीने निंटेडॅनिब बंद ठेवणे बरे. पिरफेनिडोन यकृतात सीवायपी-१ए-२ या एन्झाइमने मोडते. कोविडसाठी वापरले गेलेले फ्लुवॉक्सामिन हे एन्झाइम इतके अडवते की ही जोडी देऊच नये. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या मोठ्या मात्रेनेही पिरफेनिडोनची पातळी वाढते, मग मात्रा कमी करावी लागते. कोविडवरच्या निर्माट्रेलविरसोबत दिले जाणारे रिटोनाविर निंटेडॅनिबची आणि प्रत्यारोपण झालेले लोक घेतात त्या टॅक्रोलिमसची पातळी वाढवते. टॅक्रोलिमसची वाढ जिवावर बेतू शकते. उलट टीबीच्या रिफाम्पिसिनने पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब दोन्ही निष्प्रभ होतात. एक्स-रेवर डाग दिसला म्हणून थुंकीची सीबीनॅट (टीबीची जनुकीय तपासणी) न करता टीबीची औषधे सुरू करण्याची सवय या रुग्णांना दुहेरी महागात पडते.

पिरफेनिडोन चौदा दिवसांपेक्षा जास्त बंद राहिले असेल तर पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे: २०० मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीनदा, दुसऱ्या आठवड्यात दोन-दोन, तिसऱ्यात तीन-तीन, आणि तीही भरल्या पोटी. डिस्चार्ज कार्डावर हे लिहिले जात नाही. रुग्ण घरी जाऊन पूर्ण मात्रा घेतो, ओकाऱ्या होतात आणि तो औषध कायमचे सोडतो.

स्टिरॉइडचा नियम तर मुळातूनच बदलून लिहावा लागेल. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने २०२० मध्ये दाखवले की ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांना डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, दिल्याने मृत्यू घटतात. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा नाही. फायब्रोसिसचा रुग्ण वर्षभर ऑक्सिजनवरच असेल तर? त्याच्यासाठी नियमात ‘नेहमीपेक्षा वाढलेला ऑक्सिजन’ असे शब्द हवेत. ज्यांना आधीपासून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू आहे त्यांचे ते एकदम तोडू नये, कारण अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असतात आणि रक्तदाब कोसळतो. प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम किंवा अधिक, महिन्याहून जास्त चालू असेल तर न्यूमोसिस्टिस या बुरशीने होणाऱ्या न्यूमोनियाचा विचार करावा. सीटीत तो कोविडसारखाच दिसतो आणि त्याचे औषध वेगळे आहे. २०२१ मधली म्युकरमायकोसिसची लाट राज्य विसरलेले नाही. साखर रोज तपासल्याशिवाय स्टिरॉइड देऊ नये.

या रुग्णांना विषाणूविरोधी औषध पहिल्या पाच दिवसांत मिळावे. रेमडेसिविरचा तीन दिवसांचा क्रम (२००, १००, १०० मिलिग्रॅम) लक्षणांच्या सात दिवसांत बाह्यरुग्ण पद्धतीनेही देता येतो. चाचणीसाठी ताप येण्याची वाट पाहू नये; नेहमीचा खोकला वाढला, एवढे कारण पुरे.

व्हेंटिलेटरबद्दल. ताठर फुफ्फुसात दाबाने हवा भरली की निरोगी उरलेले थोडे वायुकोश फुगतात आणि फाटतात. छातीत हवा साठते. श्वासाचे आकारमान अपेक्षित वजनाच्या किलोमागे ६ मिलिलिटर किंवा त्याहून कमी ठेवावे, पीप (श्वास सोडल्यावर फुफ्फुसात राखलेला दाब) चढवत नेऊ नये. पुढे गेलेल्या आयपीएफमध्ये नळी टाकल्यानंतर वाचणारे थोडेच असतात. म्हणून रुग्ण शुद्धीवर आणि बोलता असताना, शक्यतो साथीच्या आधीच ओपीडीत, त्याला आणि घरच्यांना हे स्पष्ट सांगून त्यांची इच्छा नोंदवावी. ज्यांना नळी नको असेल त्यांना वाऱ्यावर सोडू नये. धापेसाठी तोंडाने मॉर्फिन २.५ मिलिग्रॅमपासून सुरू करता येते, चेहऱ्यावर पंख्याचा वारा खरोखर आराम देतो. जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन उपलब्ध असणे ही प्रशासनाची जबाबदारी आहे.

ज्यांना आधी फायब्रोसिस नव्हता, त्यांचे काय? न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात गंभीर आजारानंतर चार महिन्यांनी, व्हेंटिलेटरवर राहिलेल्यांपैकी ७२ टक्क्यांत आणि बाकीच्यांपैकी २० टक्क्यांत फायब्रोसिससारखे बदल दिसले. टेलोमिअर आखूड असलेल्यांत ते जास्त होते. चीनमध्ये व्हेंटिलेटर न लागलेल्या गंभीर रुग्णांची वर्षभरानंतर तपासणी केली, तेव्हा २४ टक्क्यांच्या सीटीत खुणा उरल्या होत्या आणि ३३ टक्क्यांचा डीएलसीओ कमी होता. बहुतेकांचे डाग महिन्यांगणिक विरघळतात, म्हणून बारा आठवड्यांच्या आत अहवालावर ‘फायब्रोसिस’ हा शब्द लिहू नये. तो वाचून घाबरलेल्या हजारो लोकांनी पिरफेनिडोन घेतले. कोविडनंतरच्या डागांवर ते सरसकट द्यावे असा पक्का पुरावा नाही. लक्षणे टिकून असतील आणि सीटीत सूज असेल तर स्टिरॉइडचा विचार होतो, पण मात्रा मोठी नको. चंडीगडच्या पीजीआयमध्ये १३० रुग्णांवर प्रेडनिसोलोन ४० आणि १० मिलिग्रॅम यांची सहा आठवडे तुलना केली, आणि दोन्ही गटांत सारखाच फरक पडला. बारा आठवड्यांनी स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी), डीएलसीओ आणि चालण्याची चाचणी घ्यावी. वर्षभरात एफव्हीसी ५ अंकांनी किंवा डीएलसीओ १० अंकांनी घटला, आणि धाप किंवा सीटीतले व्रण वाढले, तर मात्र तो वाढता फायब्रोसिस आहे आणि त्याला निंटेडॅनिब द्यायला उशीर करू नये.

यासाठी शासनाकडे आम्ही चार गोष्टी मागतो. पहिली आणि सर्वांत स्वस्त म्हणजे मूळ नोंदीचे कार्ड. एक पान, दोन बाजू: बसलेले आणि चालल्यानंतरचे सॅच्युरेशन, किती लिटर ऑक्सिजन बसून व किती चालताना, एफव्हीसी आणि डीएलसीओ तारखेसह, शेवटच्या सीटीची तारीख आणि सीडी कोणाकडे आहे, चालू औषधे, नळी टाकण्याबद्दलची इच्छा. स्थिर असताना दर सहा महिन्यांनी ते भरावे. प्रत रुग्णाकडे, दुसरी आशाताईंच्या मार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात. दुसरी: प्रत्येक महसुली विभागात निदान दोन शासकीय रुग्णालयांत चालू स्थितीतले डीएलसीओ यंत्र, ते चालवणाऱ्या तंत्रज्ञासह. तिसरी: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना प्रामुख्याने दाखल रुग्णांच्या उपचारांभोवती बांधलेली आहे, रोजच्या गोळ्या आणि घरचा ऑक्सिजन यांचा समावेश करून तिला या रुग्णांच्या घरापर्यंत न्यावे. चौथी: वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात पाठीच्या तळाशी स्टेथोस्कोप ठेवून श्वासाबरोबर वेल्क्रोची पट्टी सोडवल्यासारखा येणारा आवाज ओळखायला शिकवावे. तो ऐकू आला की दम्याचा पंप लिहून देण्याआधी स्पायरोमेट्री व्हायला हवी.

लसीसाठी पुढे कधी यादी करावी लागली तर तीत एफईव्ही-१ च्या शेजारी एफव्हीसी, डीएलसीओ आणि घरचा ऑक्सिजन हे निकष असावेत. रिटुक्सिमॅब (रोगप्रतिकारशक्ती दाबणारे इंजेक्शन) घेणाऱ्यांना पुढच्या डोसच्या साधारण चार आठवडे आधी लस द्यावी, नाहीतर प्रतिपिंडे तयारच होत नाहीत.

कार्डाचे काम जिल्हा शल्यचिकित्सकांनी नव्या आदेशाची वाट न पाहता सुरू करावे, अशी विनंती आहे. घरी ऑक्सिजन घेणाऱ्या आणि पिरफेनिडोन किंवा निंटेडॅनिब चालू असलेल्या रुग्णांची नावे क्षयरोग विभाग, ओपीडीची नोंदवही आणि शहरातले छातीरोगतज्ज्ञ यांच्याकडून जमवता येतील. कार्डाचा मसुदा, मराठीत, आम्ही विनामूल्य तयार करून देऊ आणि पहिल्या तुकडीच्या नोंदी भरायला सोबत बसू.

आपले,
श्वसनविकार, क्ष-किरणशास्त्र आणि श्वसन फिजिओथेरपी या क्षेत्रांत काम करणारे आम्ही